श्वास घ्यायला डोकं वर का येतं: नऊ वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा नऊ वर्षांचा, माझ्या बॅचला येऊन तीन महिने झालेले. पाण्याची भीती अजिबात नाही, उड्या मारतो, तळाशी जाऊन रिंग उचलून आणतो, पायही चांगले मारतो, पण फ्रीस्टाइलमध्ये श्वास घ्यायची वेळ आली की मान बाजूला वळवायच्या ऐवजी डोकं सरळ वर, समोर बघत, कासव मान काढतं तसं. डोकं वर गेलं की कंबर खाली, कंबर खाली की पाय खाली, मग पुढचे दोन हात नुसते स्वतःला पाण्याच्या वर ठेवण्यात जातात आणि पुढे सरकणं जवळपास बंद. तलावाची अर्धी रुंदी झाली की धाप लागते आणि उभा राहतो.

तीन महिने मी त्याला एकच वाक्य सांगत होते, "डोकं खाली ठेव रे!" रोज, दहा वेळा, वीस वेळा, काठावरून ओरडून. त्याला ते वाक्य पाठ होतं, विचारलं की लगेच सांगायचा, "ताई, डोकं खाली ठेवायचं, बाजूला वळवायचं," आणि पाण्यात गेला की परत तेच. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. माहिती होती, कृती होत नव्हती, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला इतकी वर्षं शिकवूनही नीट कळलेलं नव्हतं असं आता वाटतं.

तोपर्यंत मी वर्तनशास्त्रावर आधारलेल्या कोचिंगबद्दल वाचलं होतं, पण वापरलं नव्हतं. या मुलाच्या बाबतीत पहिल्यांदा पद्धतशीर वापरलं, रोज मोजलं, लिहून ठेवलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतेय, त्यात माझ्या हातून काय चुकलं तेही.

पहिलं काम म्हणजे मोजणं. ऐकायला सोपं वाटतं पण "बरोबर श्वास" म्हणजे नेमकं काय हे ठरवल्याशिवाय मोजताच येत नाही. मी लिहिलं: श्वास घेताना एक गॉगल पाण्यात. दुसऱ्या बॅचच्या कोचला सांगितलं की तूही काठावर बसून वेगळं मोज, माझ्या वहीत बघू नकोस. वीस श्वासांपैकी चौदावर आमचं जुळलं, सहावर नाही. का, तर गॉगल अर्धा पाण्यात असेल तर तो म्हणायचा बरोबर आणि मी म्हणायचे चूक. मग व्याख्या बदलली: खालच्या गॉगलची काच पाण्याच्या रेषेला टेकलेली हवी आणि नजर बाजूला हवी, समोर नको. दुसऱ्या दिवशी वीसपैकी एकोणीसवर जुळलं. या क्षेत्रात दोन निरीक्षकांचं साधारण ८० टक्के तरी जुळावं असा संकेत आहे, त्याच्या पुढे गेलो म्हणून मग खरी मोजणी सुरू केली. उथळ बाजूला चार रुंद्या, प्रत्येक रुंदीत साधारण पाच श्वास, म्हणजे रोज वीस. चार दिवसांचे आकडे: १, २, ०, १. हे मी काहीही नवीन न करता, नेहमीसारखं शिकवत असताना. याला बेसलाइन म्हणतात, आणि खरं सांगते, वहीत तो शून्य लिहिताना मला वाईट वाटलं कारण त्याच दिवशी मी त्याच्या बाबांना "हळूहळू सुधारतोय" असं सांगितलं होतं.

याच चार दिवसांत काठावर मोबाईल ठेवून व्हिडिओ घेतला होता. तो मी रात्री बघितला, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तिथे दिसली.

व्हिडिओत असं होतं. मुलगा श्वासाला डोकं वर काढतो. मी ओरडते, "डोकं खाली!" तो काय करतो? ऐकायला डोकं अजून वर काढतो, कारण कान पाण्यात असताना माझं बोलणं त्याला ऐकूच येत नाही. मग तो थांबतो, उभा राहतो, गॉगल वर करतो, माझ्याकडे बघतो, मी वाकून त्याला अर्धा मिनिट समजावते, हाताने दाखवते. त्या अर्ध्या मिनिटात त्याला हवा मिळते, विश्रांती मिळते आणि माझं पूर्ण लक्ष मिळतं. आणि त्या चार दिवसांत जे मोजून चार बरोबर श्वास झाले त्यातल्या तीन वेळी मी काय करत होते, तर दुसऱ्या मुलाकडे बघत होते. चौथ्या वेळी बघत होते पण काहीच बोलले नाही. म्हणजे चुकीच्या श्वासाला सगळं मिळत होतं आणि बरोबर श्वासाला काहीच नाही.

एखाद्या कृतीनंतर जे मिळतं त्यावर ती कृती पुढे वाढेल की कमी होईल हे ठरतं, हा मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कामाचा गाभा, त्याच्याही आधी थॉर्नडाइक यांनी तो वेगळ्या शब्दांत मांडला होता. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला प्रबलन म्हणतात, आपण बोलताना रीइन्फोर्समेंटच म्हणतो. लोकांना वाटतं ते म्हणजे बक्षीस देणं, चॉकलेट देणं. पण कोणी काही देवो न देवो, ते चालूच असतं. या मुलाच्या डोकं वर काढण्याला सगळ्यात मोठं बक्षीस देत होती ती हवा. श्वासासाठी जीव कासावीस झालाय, डोकं वर काढलं, हवा मिळाली. याच्याइतकं तात्काळ आणि जबरदस्त दुसरं काय असणार, माझ्या ओरडण्याची त्याच्यापुढे काय ताकद.

एक दिवस मी मुद्दाम पूर्ण गप्प राहिले, फक्त मोजलं. डोकं वर येणं तेवढंच राहिलं, वीसपैकी दोनच बरोबर, पण मध्ये उभं राहणं जे चार रुंद्यांत पाच-सहा वेळा व्हायचं ते दोनवर आलं. एकाच दिवसाचा आकडा आहे, त्यावर फार भार टाकणार नाही, पण मला त्यातून दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या: उभं राहणं माझ्या बोलण्यावर चाललं होतं, डोकं वर काढणं हवेवर चाललं होतं. एकावर उपाय म्हणजे मी चालू रुंदीत बोलणं बंद करणं. दुसऱ्यावर उपाय असा हवा होता की मान बाजूला वळवल्यावर त्याला तितकीच हवा, तितक्याच खात्रीने मिळेल. ती मिळाली तरच तो वळवेल, नाहीतर जगात कोणीही सांगितलं तरी वळवणार नाही, आणि का वळवावी त्याने?

मग प्रश्न आला की बाजूला वळवून त्याला हवा का पुरत नाही. त्याला कठड्याला धरून उभं केलं आणि म्हटलं तोंड पाण्यात घाल आणि बुडबुडे काढ. तोंड घातलं, गाल टम्म फुगवले, आणि एकही बुडबुडा नाही. श्वास रोखून धरला होता. तळाशी जाऊन रिंग आणणारा मुलगा, श्वास रोखण्यात पटाईत, तेच तो पोहताना करत होता! पाण्यात श्वास सोडतच नव्हता, त्यामुळे मान वळवली की त्या एवढ्याशा वेळात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, वेळ पुरत नाही, म्हणून डोकं वर काढून वेळ वाढवायचा. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. तीन महिने मी मानेवर बोलत होते आणि अडचण फुप्फुसात होती. (याच निमित्ताने सांगते, पाण्याखाली कोण जास्त वेळ श्वास रोखतो अशी पैज मुलांना कधीही लावू देऊ नका, त्यात शुद्ध हरपून मुलं बुडतात, अगदी चांगलं पोहणारीसुद्धा.)

इथून पुढे काम सुरू झालं. कृतीचे तुकडे करणं, म्हणजे टास्क अॅनालिसिस, याची खेळातली जुनी उदाहरणं आहेत. कोमाकी आणि बार्नेट यांनी १९७७ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल टीमवर काम केलं होतं, तीन चाली घेतल्या, प्रत्येक चालीचे पाच टप्पे पाडले, आणि चाल जमली की नाही एवढंच न बघता कुठला टप्पा बरोबर झाला ते मुलांना प्रत्येक वेळी सांगितलं. बरोबर टप्प्यांचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांवरून ८० टक्क्यांच्या आसपास गेलं. मला त्यातलं हे पटलं की अख्खी चाल फसली तरी पाचातले तीन टप्पे बरोबर होते हे मुलाला कळतं, नाहीतर त्याच्या हाती फक्त "फसलं" एवढंच राहतं. दुसरं काम अॅलिसन आणि आयलॉन यांचं, १९८० सालचं, फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि टेनिस. त्यात चूक झाली की कोच "फ्रीझ" म्हणायचा, मुलाने तसंच थांबायचं, कुठे चुकलं ते बघायचं, कोच बरोबर पोझिशन करून दाखवणार, मग मुलाने ती करायची. फार चांगली पद्धत, पण पोहण्यात फ्रीझ कसं करणार, थांबला की बुडाला. म्हणून ज्या पोझिशनमध्ये थांबता येतं तिथूनच मी सुरुवात केली.

म्हणजे शेवटाकडून. कठड्याला एक हात लांब धरलेला, कान त्या हातावर, तोंड बाजूला, खालचा गॉगल पाण्यात, आणि तोंडाला भरपूर हवा. या अवस्थेत तो हवा तितका वेळ राहू शकतो, घाई नाही, गुदमरणं नाही. आधी हीच जागा शरीराला ओळखीची करून द्यायची, मग तिथून तोंड पाण्यात वळवायचं, "हम्म" असा आवाज काढत श्वास सोडायचा (हम्म म्हणताना हवा नाकातून आपोआप बाहेर येते, मुलांना नाकाने श्वास सोड म्हणून सांगण्यापेक्षा हे कितीतरी सोपं), आणि परत त्या ओळखीच्या जागी यायचं. प्रत्येक वेळी शेवट हवेत. साखळीची शेवटची कडी आधी शिकवून मग मागची एकेक कडी जोडत जायची, याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. इथे ते फारच चपखल बसलं कारण शेवटच्या कडीतच बक्षीस आहे.

आता खूण. मी पाण्यात त्याच्या बाजूला छातीएवढ्या पाण्यात उभी, हातात क्लिकर, तो छोटा डबीसारखा, दाबला की टिक वाजणारा. बरोबर झालं त्या क्षणी टिक. ही कल्पना प्राण्यांच्या ट्रेनिंगमधून आली. कॅरेन प्रायर १९६० च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायच्या, डॉल्फिन हवेत उडी मारतो त्या क्षणी त्याच्या तोंडात मासा कसा देणार, म्हणून शिट्टी, शिट्टी म्हणजे "हेच, हेच बरोबर होतं, मासा येतोय." पुढे थेरेसा मॅक्कियन या जिम्नॅस्टिक्स कोचने हे मुलांसाठी वापरलं आणि त्यातून टॅगटीच नावाची पद्धत उभी राहिली. त्यातला एक नियम मला सोन्यासारखा वाटतो: मुलाला जे सांगायचं ते काय हवं ते सांगायचं, काय नको ते नाही, एका वेळी एकच गोष्ट, डोळ्याला दिसेल अशी, आणि जास्तीत जास्त पाच शब्दांत. "डोकं खाली ठेव, मान वर नको काढू, बाजूला बघ आणि पाय चालू ठेव" या चार सूचना झाल्या. मी आता म्हणायचे, "कान हातावर." बस. टिक वाजली तर कान हातावर होता. नाही वाजली तर नव्हता. मी "चुकलं" म्हणायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, काही नाही.

सुरुवातीला मी शिट्टी वापरली होती, ती दोन दिवसांत सोडावी लागली कारण शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्या बॅचची शिट्टी वाजली की हा खूश होऊन थांबायचा. क्लिकरचा आवाज लहान असतो पण मान बाजूला वळली की वरचा कान हवेत येतो, आणि नेमका तोच क्षण आपल्याला टिपायचाय, म्हणून मी श्वासाच्या बाजूला उभी राहायचे आणि त्याची कॅप त्या कानावरून थोडी वर सरकवलेली असायची. डोकं सरळ वर काढलं तर कान दोन्ही बाहेर, पण टिक नाही. टिकेची वेळ फार महत्त्वाची आहे. अर्धा सेकंद उशीर झाला की मान परत फिरताना टिक वाजते आणि मुलाला वाटतं परत फिरण्याला वाजली. मी घरी चेंडू टप्पे टाकून सराव केला, चेंडू जमिनीला टेकतो त्या क्षणी टिक. पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या टिका उशिरा पडत होत्या.

टिकेमागे काय, हा प्रश्न सगळे विचारतात. काठावर एका दांडीवर रबरी रिंगा, रुंदी संपली की जितक्या टिका तितक्या रिंगा तो स्वतः दांडीवर टाकणार, आणि अमुक इतक्या रिंगा झाल्या की शेवटची पाच मिनिटं अख्ख्या बॅचने काय खेळायचं ते तो ठरवणार. तो नेहमी उड्याच निवडायचा. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच आहे, की जे काम मूल आपणहून जास्त करतं ते, कमी करतं त्या कामाचं बक्षीस म्हणून चालतं. शिवाय बाकीच्या मुलांना त्याच्या रिंगांमध्ये रस निर्माण झाला, कारण खेळ सगळ्यांना मिळणार होता, तीच त्याला ओरडून प्रोत्साहन द्यायला लागली. हे मी ठरवून केलं नव्हतं.

एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, राग मानू नका, पण हे कुत्र्याला शिकवतात तसं नाही का?" प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचा खूप विचार केला. फरक हा की मुलाला आधी सांगितलेलं असतं टिक म्हणजे काय, कशाला वाजणार, आणि त्याला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. पहिल्या दिवशी मी क्लिकर त्याच्याच हातात दिला आणि म्हटलं मनात काहीतरी ठरव आणि टिक वाजवत मला करायला लाव. त्याने मला डावा हात डोक्यावर ठेवायला लावला, साधारण तीन मिनिटं लागली, आणि मधल्या वेळात टिक न वाजता मी उभी राहिले तेव्हा मला जी अस्वस्थता आली ती मी विसरले नाही. तो मात्र एकदाही "चुकलं" म्हणाला नाही, नुसता वाट बघत होता, डोळे मोठे करून. त्या आईंना मी हेच सांगितलं आणि त्यांच्या मुलीच्या हातातही क्लिकर दिला.

बाबांशीही बोलावं लागलं. ते म्हणाले, "मॅडम, मी त्याला सायकल कबूल केलीय, एक अख्खी लेंथ नीट पोहला की." भावना चांगलीच होती. पण सायकल महिनाभर लांब, श्वास आत्ता या क्षणी, त्या दोघांचा संबंध शरीराला लागत नाही. वर दर रुंदीला तो काठाकडे बघायचा, बाबा बघतायत का, आणि तेही डोकं वर काढूनच. दुसरी काळजी वेगळी. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रं कमी काढायला लागली. या मुलाला पाणी मुळातच आवडतं. ती आवड सायकलीच्या बोलीवर चढवायची नव्हती. मी म्हटलं सायकल द्या, जरूर द्या, पण पोहण्याशी बांधू नका. त्यांनी ऐकलं, पुढच्याच आठवड्यात सायकल घेऊन दिली.

आता प्रगती. हम्म आणि बुडबुडे दोन दिवसांत आले. कठड्यावरची पोझिशन त्याच दिवशी. मग किकबोर्डवर (हाताखाली धरायची तरंगती फळी) एक हात लांब ठेवून पाय मारत तेच, मग एका हाताने स्ट्रोक, मग दोन्ही हात. पुढच्या पायरीवर जायचा नियम ठरवला होता: दहापैकी आठ बरोबर, सलग दोन वेळा. पाचाच्या खाली गेलं तर एक पायरी मागे. सातव्या दिवशी एका हाताच्या स्ट्रोकवर तो दहापैकी नऊ आला, एकदाच, आणि मला इतका आनंद झाला की मी माझाच नियम मोडला आणि त्याला थेट दोन्ही हातांनी अख्खी रुंदी करायला सांगितलं. दोन श्वास बरोबर झाले, तिसऱ्याला पाणी नाकातोंडात गेलं, खोकला, उभा राहिला, रडला नाही पण त्यानंतर तोंड पाण्यात घालायलाच तयार नाही. दोष शंभर टक्के माझा. त्या दिवशी आम्ही फक्त उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी कठड्यापासून परत, "हम्म" पासून, आणि गंमत म्हणजे यावेळी सगळ्या पायऱ्या दीड दिवसात झाल्या. शेपिंगमध्ये, म्हणजे छोट्या पायऱ्यांनी हवी ती कृती घडवत नेण्यात, मागे जाण्याची भीती वाटायचं कारण नाही हे पुस्तकात वाचलं होतं, पण पोटातून कळलं ते त्या दिवशी.

दोन्ही हातांवर आल्यावर मी रुंदीत आधी फक्त एकच श्वास घ्यायला लावला, बाकी तोंड पाण्यात ठेवून जितकं जमेल तितकं, मग भिंतीपाशी उभं राहा. मग दोन. मग तीन. अकराव्या दिवसापासून परत जुनी वीस श्वासांची मोजणी केली: ९, १२, १५, १४, १७.

पण हे माझ्या पद्धतीमुळे झालं की नुसतं दिवस गेले म्हणून, सराव झाला म्हणून? बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांच्या १९६८ च्या लेखात यावर एक साधी युक्ती आहे, मल्टिपल बेसलाइन: एकाच वेळी दोन-तीन गोष्टी मोजत राहा, पद्धत आधी एकालाच लावा, ती बदलली आणि बाकीच्या जागेवर राहिल्या तर श्रेय पद्धतीला. मी दुसरी गोष्ट म्हणून पाय घेतले होते, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहतात का. ती निवड चुकीची होती, कारण डोकं खाली गेलं की पाय आपोआप वर येतात, शरीर तराजूच आहे ते, त्यामुळे पाय न शिकवताच सुधारले आणि त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. नशिबाने तिसरी गोष्टही लिहीत होते, हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मधल्या रेषेच्या पलीकडे जातो का. त्याचा उजवा हात वीसपैकी चौदा-पंधरा वेळा पलीकडे जायचा आणि श्वास सुधारला त्या सगळ्या दिवसांत ते चौदा-पंधराच राहिलं. पंधराव्या दिवसानंतर त्याला "हात खांद्यासमोर" अशी टिक लावली आणि आठवड्याभरात ते चारवर आलं. एका मुलावरून मोठे दावे करणार नाही, पण निदान नुसत्या वाढत्या वयाने किंवा सरावाने हे झालं नाही एवढं मला म्हणता येतं.

स्वतःबद्दलही एक मोजणी केली. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल कोचेसवर काम केलं, कोच मैदानावर प्रत्यक्ष काय करतो याची नोंद घेतली, आणि कोचला स्वतःच्या वागण्याचा जो अंदाज असतो तो फारसा बरोबर नसतो, मुलांचा अंदाज जास्त बरोबर असतो असं दिसलं. मी जुना व्हिडिओ घेतला आणि माझी वाक्यं मोजली. दहा मिनिटांत अठ्ठावीस वेळा मी बोलले होते, त्यात "छान" तीन वेळा, तेही रुंदी संपल्यावर, नेमकं काय छान ते न सांगता. मला विचारलं असतंत तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं की मी मुलांचं भरपूर कौतुक करते.

टिका कायम ठेवायच्या नसतात. सोळाव्या दिवसापासून प्रत्येक श्वासाला न देता दोन-तीन श्वासांनंतर एक, कधी चौथ्याला, अंदाज लागणार नाही असं. मग क्लिकर बंद करून काठावर पाटी ठेवली, रुंदी झाली की त्याने स्वतः लिहायचं किती श्वास बरोबर वाटले. मॅकेन्झी आणि रशॉल यांनी १९७४ मध्ये स्विमिंग टीमवर असंच केलं होतं, मुलं आपापलं काम स्वतः पाटीवर नोंदवायची आणि त्याने प्रॅक्टिसमधलं काम वाढलं होतं. याने लिहिलेले आकडे सुरुवातीला माझ्यापेक्षा जास्त असायचे, मग कमी व्हायला लागले, एकदा तर मी पाच लिहिले आणि त्याने तीन. विचारलं का रे, तर म्हणाला, "ताई, दोन वेळा कान हातावर होता पण मी आधीच बघत होतो भिंत आली का." व्याख्येतली "नजर समोर नको" ही अट मी विसरले होते, त्याला आठवत होती.

रिंगांचं काय झालं? त्याने आपणहून सोडल्या. एक दिवस दांडी ठेवायला मी विसरले आणि कोणी विचारलंच नाही.

खोल बाजूला, पंचवीस मीटरच्या लेनमध्ये, मी शेजारी नसताना, हे टिकतं का ते वेगळं बघावं लागलं, आणि पहिल्या दिवशी टिकलं नाही, बारा श्वासांपैकी पाच. उथळ पाण्यात पाय टेकतात ही खात्री होती, ती इथे नव्हती. म्हणून लेनच्या दोरीजवळून पोहायला लावलं, कधीही धरता येईल अशी, आणि पहिल्या सहा मीटरवर थांबायची परवानगी दिली, मग दहा, मग पंधरा. चार दिवसांत बारापैकी दहा. त्यानंतर महिनाभर सुट्टी होती, परत आल्यावर पहिल्याच दिवशी मोजलं: नऊ.

बॅचमध्ये आठ मुलं आणि मी एकटी, प्रत्येकाच्या शेजारी पाण्यात उभं राहणं शक्य नाही, हे मला मान्य आहे. आता मी जोड्या लावते, एक पोहतो आणि एक उथळ पाण्यात शेजारून चालत क्लिकर वाजवतो, आणि वाजवणाऱ्याला दुसऱ्याच्या श्वासाकडे इतकं बारीक बघावं लागतं की त्याचा स्वतःचा श्वासही सुधारतो असं मला वाटतंय. अजून मोजलेलं नाही.

एक गोष्ट राहिलीय. शर्यत लावली की शेवटच्या पाच मीटरला त्याचं डोकं परत वर येतं, भिंत बघायला, शेजारचा कुठे आहे ते बघायला. तिथे वर बघण्याला वेगळंच बक्षीस आहे, हवा नव्हे, बातमी. सध्या आम्ही फक्त शेवटचे पाच मीटर करतोय: भिंतीपासून पाच मीटरवर सुरुवात, एकच श्वास, कान हातावर, आणि मग हात भिंतीला. तळावरची काळी रेघ संपते तिथून भिंतीपर्यंत त्याचे किती हात होतात ते तो मोजतोय, म्हणजे भिंत कुठे आहे ते डोकं वर न काढताच कळेल. काल चार आले, आज साडेतीन म्हणाला.